एग बेटाची वीज : एक सामायिक व्यवस्था
(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी पाठटिपण)

पाठाचे प्रयोजन

विज्ञानाच्या तासाला मुले वीज शिकतात आणि नागरिकशास्त्राच्या तासाला ग्रामपंचायत व सहकारी संस्था शिकतात. हे दोन विषय वर्गात क्वचितच एकत्र येतात. परिणामी वीज म्हणजे बटण दाबताच येणारी वस्तू आणि सहकार म्हणजे परीक्षेत लिहावयाची व्याख्या, अशी समजूत मुलांच्या मनात दृढ होते. वीज कोठे तयार होते, ती किती असते, आणि कमी पडली तर कोणी किती वापरावी हे कोण ठरवितो, असे प्रश्न त्यांना सुचत नाहीत. वीज दूरच्या केंद्रातून तारांवरून येते. ते केंद्र त्यांनी पाहिलेले नसते, आणि ते चालविणारी माणसेही त्यांच्या ओळखीची नसतात.

ह्या पाठात एका लहानशा समाजाची हकीगत दिली आहे. ह्या समाजाने आपली वीज आपल्या मालकीची केली, ती पाणी, वारा व सूर्यप्रकाश ह्यांपासून मिळविली आणि तिच्या वापराचे नियमही स्वतःच ठरविले. पाठाच्या अखेरीस विद्यार्थ्याच्या ध्यानात यावयाची मुख्य गोष्ट ही की, यंत्रे बसविल्याने वीज निर्माण होते. परंतु ती सर्वांना पुरते ती सर्वांनी पाळलेल्या नियमामुळे.

पाठाची सुरुवात

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनाचे सूत्र येथे उपयोगी पडते. शिक्षकाने प्रथम पाण्याविषयी प्रश्न विचारावेत. उन्हाळ्यात गावच्या विहिरीचे पाणी खाली गेले म्हणजे लोक काय करतात? एका घराने सगळे पाणी उपसून नेले तर इतरांचे काय होईल? पाण्याची पाळी कोण लावतो? ह्या प्रश्नांची उत्तरे ग्रामीण भागातील मुले सहज देतील. धुळे व नाशिक ह्या भागांतील शिक्षकांना फड पद्धतीचे उदाहरण देता येईल. नदीवरील बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतांत आणावयाचे, शेतकऱ्यांनी आपसांत पाळ्या ठरवावयाच्या आणि पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याने करावयाचे, अशी ती पद्धत होय. बंधारा दगडचुन्याचा असला, तरी पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते ते पाळीमुळे.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर शिक्षकाने विचारावे : विजेचीही अशी पाळी किंवा मर्यादा असू शकेल काय? येथून मूळ विषयास आरंभ करावा. युरोपच्या नकाशावर ग्रेट ब्रिटन दाखवून त्याच्या उत्तरेकडील स्कॉटलंड व पश्चिम किनाऱ्यालगतची हेब्रिडीज बेटे दाखवावीत.

बेटाची ओळख

एग हे ह्या बेटसमूहातील एक लहान बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस किलोमीटर असून तेथे शंभराच्या आसपास माणसे राहतात. बेटावर अन स्गूर नावाचा ३९३ मीटर उंचीचा खडा सुळका आहे. पाऊस भरपूर, वारा जोराचा आणि हिवाळ्यात दिवस अतिशय लहान, असे तेथील हवामान आहे. मुख्य भूमीवरील मालेग बंदरातून बोटीने बेटावर जावे लागते. समुद्र खवळलेला असला म्हणजे बोट येत नाही. बेटावर एक लहानशी प्राथमिक शाळा आहे. माध्यमिक शिक्षणासाठी मुलांना समुद्र ओलांडून मालेगला जावे लागते.

पूर्वी हे संपूर्ण बेट एका खाजगी मालकाच्या ताब्यात असे आणि मालक वेळोवेळी बदलत. घर दुरुस्त करावे किंवा नवा धंदा काढावा, तर जमीन उद्या आपल्याकडे राहील की नाही, याची रहिवाशांना खात्री नसे. अखेर रहिवाशांनी स्वतःच बेट विकत घेण्याचे ठरविले. त्यांच्याबरोबर हायलँड कौन्सिल ही स्थानिक स्वराज्य संस्था आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट ही निसर्गरक्षण करणारी संस्था सामील झाली. जनतेला मदतीचे आवाहन करण्यात आले. सामान्य लोकांनी लहानमोठ्या रकमा पाठविल्या आणि नाव प्रसिद्ध न करण्याच्या अटीवर एका व्यक्तीने फार मोठी देणगी दिली. अशा रीतीने १२ जून १९९७ रोजी बेटाची मालकी ‘आयल ऑफ एग हेरिटेज ट्रस्ट’ ह्या विश्वस्त संस्थेकडे आली.

विजेच्या हकीगतीत जमिनीची ही हकीगत मुद्दाम सांगावी. ओढ्यावर जलविद्युत यंत्र बसवावयाचे, तर ओढा कोणाचा हा प्रश्न आधी येतो. पवनचक्की उभारावयाची, तर टेकडी कोणाची हा प्रश्न येतो. जमीन समाजाच्या हाती आली, म्हणूनच पुढे वीजही समाजाच्या हाती येऊ शकली.

विजेपूर्वीचे दिवस

मुख्य भूमीवरील विजेच्या तारा एगपर्यंत पोहोचलेल्या नव्हत्या. समुद्राच्या तळातून केबल आणण्याचा खर्च इतक्या थोड्या लोकांना न पेलणारा होता. त्यामुळे बहुतेक घरांजवळ स्वतःचे डिझेलचे जनित्र असे. डिझेल बोटीने आणावे लागे. ते महाग पडे. जनित्राचा आवाज व धूर सोसावा लागे, आणि इंधन वाचविण्यासाठी ते दिवसातील काही तासच चालवीत. रात्री जनित्र बंद झाले की दिवे मालवत. शीतपेटी चोवीस तास चालविणे कठीण असे. पहाटे कोणी आजारी पडले, तर अंधारात बाहेर जाऊन प्रथम जनित्र सुरू करावे लागे.

येथे शिक्षकाने विद्यार्थ्यांकडून एक गोष्ट वदवून घ्यावी. प्रत्येक घराजवळ स्वतंत्र जनित्र म्हणजे प्रत्येक घराचा स्वतंत्र खर्च, स्वतंत्र बिघाड आणि स्वतंत्र काळजी. ज्याच्याजवळ पैसा अधिक त्याचा दिवा अधिक वेळ जळणार; वृद्ध व एकट्या माणसाची अडचण सर्वांत मोठी. बेटावर ओढे वाहत होते आणि वारा सुटत होता; परंतु एकट्या कुटुंबाला त्यांचा पुरेसा उपयोग करून घेता येत नव्हता.

योजनेची उभारणी

बेट खरेदी केल्यानंतर काही वर्षे रहिवाशांनी ह्या प्रश्नाचा विचार केला. विश्वस्त संस्थेच्या पूर्ण मालकीची ‘एग इलेक्ट्रिक’ ही कंपनी स्थापन करण्यात आली. योजनेस सुमारे १६ लाख ६० हजार पौंड खर्च आला. त्यांपैकी बहुतेक रक्कम युरोपीय विकास निधी, ब्रिटनमधील राष्ट्रीय लॉटरीचा निधी व अन्य सार्वजनिक निधी ह्यांतून मिळाली. रहिवाशांनीही जोडणीचे शुल्क भरून आपला वाटा उचलला. बेटभर सुमारे ११ किलोमीटर लांबीची केबल जमिनीखालून टाकण्यात आली. १ फेब्रुवारी २००८ रोजी योजना सुरू झाली आणि एगच्या सर्व रहिवाशांना प्रथमच चोवीस तास वीज मिळू लागली.

योजनेत विजेची तीन स्वच्छ साधने आहेत. पुढील माहिती शिक्षकाने फळ्यावर मांडावी :

पाणी : १०० किलोवॅट शक्तीचे एक मोठे जलविद्युत यंत्र आणि सुमारे ६ किलोवॅट शक्तीची दोन लहान यंत्रे.
वारा : ६ किलोवॅट शक्तीच्या चार पवनचक्क्या, म्हणजे एकूण २४ किलोवॅट.
सूर्यप्रकाश : आरंभी १० किलोवॅटची सौर पॅनेल, पुढे ती वाढवून ५० किलोवॅट करण्यात आली.

ह्यांखेरीज ९६ बॅटऱ्यांचा संच आहे. निर्माण झालेली जादा वीज त्यांत साठते व गरज पडेल तेव्हा वापरता येते. सर्व साधने एकदम अपुरी पडल्यास, किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागल्यास, डिझेलची दोन राखीव जनित्रे आहेत.

तीन साधने कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. न विचारल्यास शिक्षकाने विचारावा. हिवाळ्यात एगवर पाऊस व वारा भरपूर असतो, परंतु सूर्य थोडाच वेळ दिसतो. उन्हाळ्यात दिवस फार मोठे असतात, परंतु ओढ्यांचे पाणी कमी होते. एक साधन क्षीण होते तेव्हा बहुधा दुसरे सबळ असते. शेतकरी सर्व शेतात एकच पीक घेत नाही, त्यातलाच हा प्रकार होय.

किलोवॅट आणि युनिट

पुढील भाग समजण्यासाठी ह्या दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. नळाची धार आणि हंडा ह्यांचे उदाहरण द्यावे. नळातून एका क्षणी किती जोराने पाणी येते, हे धारेवरून कळते. एकूण किती पाणी भरले, हे हंड्यावरून कळते. किलोवॅट हे धारेचे माप आणि युनिट हे हंड्याचे माप. १ किलोवॅटचे उपकरण १ तास चालले म्हणजे १ युनिट वीज खर्च होते. १० वॅटचे १० दिवे मिळून १०० वॅट होतात. ते १० तास जळले म्हणजेही १ युनिटच खर्च होते.

आता असे समजावे की, बारीक धारेने दिवसभरात दहा हंडे भरले. विहिरीला त्याचा भार जाणवत नाही. परंतु सर्व गावाने एकाच घटकेस मोठ्या धारेने पाणी उपसण्यास आरंभ केला, तर विहीर तळ गाठते. लहान वीजयोजनेचे मोठे संकट हेच असते. दिवसभर पुरेशी असलेली वीज संध्याकाळच्या एका तासात अपुरी पडू शकते. त्या वेळी यंत्रांवर शक्तीबाहेर भार पडला, तर एका घरातील नव्हे, सर्व बेटावरील वीज जाते.

पाच किलोवॅटचा नियम

एगच्या रहिवाशांनी ह्यावर जो उपाय स्वीकारला, तो ह्या पाठाचा गाभा होय. प्रत्येक घराने एका वेळी ५ किलोवॅटपेक्षा अधिक वीज घ्यावयाची नाही आणि प्रत्येक व्यवसायाने १० किलोवॅटपेक्षा अधिक घ्यावयाची नाही, अशी मर्यादा ठरली. घर मोठे असो वा लहान, घरातील माणसे जुनी असोत वा नव्याने राहावयास आलेली असोत, मर्यादा सर्वांना एकच. अधिक पैसे देऊन घराची मर्यादा वाढवून घेता येत नाही. मर्यादा ओलांडल्यास त्या घराची वीज आपोआप बंद पडते, आणि ती पुन्हा जोडून घेण्यासाठी शुल्क भरावे लागते.

विजेची किटली सुमारे २ किलोवॅट घेते, कपडे धुण्याचे यंत्र पाणी तापविताना तितकीच वीज घेते, आणि इस्त्री सुमारे १ किलोवॅट घेते. तिन्ही एकदम चालविल्यास मर्यादा गाठली जाते. त्यांत शेगडीची भर पडली तर ती ओलांडली जाते. म्हणून घरातील माणूस किटली बंद करतो व मग शेगडी लावतो. काम कोणतेच अडत नाही. फक्त ते एकामागून एक होते. घरात किती वीज चालू आहे, हे दाखविणारे लहानसे यंत्र दृष्टीसमोर असल्याने ही सवय लवकर जडते.

मर्यादा धारेवर आहे, हंड्यावर नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. महिन्यात किती युनिटे वापरावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावे आणि त्याचे पैसे द्यावेत. परंतु एकाच क्षणी सर्वांच्या वाट्याची वीज ओढण्याची मोकळीक कोणासही नाही.

कसोटीची वेळ

कोणत्याही नियमाची परीक्षा सुबत्तेत होत नाही, टंचाईत होते. एगच्या योजनेस २०१० साली असा प्रसंग आला. त्या वर्षाच्या आरंभी ब्रिटनमधील नेस्टा ह्या संस्थेच्या ‘बिग ग्रीन चॅलेंज’ स्पर्धेत एगची तीन विजेत्यांत निवड होऊन तीन लाख पौंडांचे पारितोषिक मिळाले होते. परंतु त्याच वर्षी पावसाने ओढ दिली. ओढ्यांचे पाणी घटले, वाराही मंद राहिला. ज्या जलविद्युत यंत्रावर योजनेचा मुख्य आधार, तेच लंगडे पडले. डिझेलची राखीव जनित्रे अधिक वेळ चालवावी लागली, आणि वीज जपून वापरावी, अशी सूचना रहिवाशांना देण्यात आली.

ह्यासाठी बेटावर रहदारीच्या दिव्यांसारखी इशाऱ्याची पद्धत आहे. हिरवा संकेत म्हणजे वीज पुरेशी आहे. तांबडा संकेत म्हणजे पाणी, वारा व ऊन ह्यांपासून मिळणारी वीज कमी आहे, तेव्हा वापर आवरावा. तांबडा संकेत असताना कपडे धुण्याचे काम उद्यावर टाकता येते, भट्टी पेटविण्याऐवजी चुलीवर भागविता येते. हे दडपण कायद्याचे नाही. शेजाऱ्याची अडचण डोळ्यांसमोर असण्याचे आहे.

२०१० च्या टंचाईतून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली ही की, नियम मोडून पडला नाही. दुसरी ही की, केवळ काटकसरीवर भागत नाही हेही कळून आले, आणि पुढील काही वर्षांत सौर पॅनेल १० किलोवॅटवरून ५० किलोवॅटपर्यंत वाढविण्यात आली. ज्या कोरड्या दिवसांत ओढे आटतात, त्याच दिवसांत ऊन अधिक मिळते.

ह्याच्या उलट स्थितीही येते. हिवाळ्यातील वादळी पावसात वीज इतकी होते की, बॅटऱ्या भरूनही ती उरते. अशी जादा वीज वाया न घालविता बेटावरील समाजगृह, चर्च अशा सार्वजनिक इमारती उबदार ठेवण्यासाठी वापरली जाते. टंचाई सर्वांनी सोसावयाची, तशीच सुबत्ताही सर्वांच्या जागेत खर्चावयाची, हे ह्या योजनेचे वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे.

देखभाल आणि हिशेब

यंत्र बसविणे हे एकदाचे काम. ते चालू ठेवणे हे रोजचे काम. समुद्र खवळलेला असताना मुख्य भूमीवरून कारागीर येऊ शकत नाही. म्हणून बेटावरीलच काही रहिवाशांना शिक्षण देऊन देखभालीचे काम सोपविण्यात आले. ओढ्यावरील जाळीत अडकलेला पालापाचोळा काढणे, बॅटऱ्यांची पाहणी करणे, पवनचक्क्या तपासणे, ही कामे ते आपल्या इतर व्यवसायांबरोबर करतात आणि त्याबद्दल त्यांना मोबदला मिळतो. विजेचे दर मुख्य भूमीपेक्षा कमी असतीलच असे नाही. परंतु जमा होणारा पैसा बेटाच्याच योजनेत राहतो आणि दुरुस्तीसाठी उपयोगी पडतो.

ह्या योजनेच्या उणिवाही विद्यार्थ्यांपासून लपवू नयेत. एगवरील वीज सर्वस्वी स्वच्छ साधनांची नाही. नव्वद टक्क्यांच्या आसपास, वा त्याहूनही काहीशी अधिक, वीज पाणी, वारा व ऊन ह्यांपासून मिळते आणि उरलेली डिझेलवर भागवावी लागते. बॅटऱ्या काही वर्षांनी जुन्या होतात आणि बदलाव्या लागतात. पवनचक्क्याही झिजतात. आरंभीचे मोठे भांडवल बाहेरून मिळाले. केवळ शंभर माणसांच्या वर्गणीतून ते उभे राहिले नसते. म्हणून सामायिक मालकीच्या योजनेत पहिल्या दिवसापासून घसाऱ्याची रक्कम बाजूस काढणे अवश्य असते. उद्घाटनाच्या दिवशी उत्साह असतो. पंधराव्या वर्षी बॅटरी बदलावयाची वेळ येते तेव्हा हिशेबाची वही कामास येते.

वर्गातील उपक्रम

१. विद्यार्थ्यांनी शाळेतील व घरातील उपकरणांवर लिहिलेले वॅटचे आकडे वहीत उतरवून घ्यावेत. घरातील सर्व उपकरणे एकदम चालू केल्यास एकूण किती किलोवॅट होतील, हे काढावे. उघड्या तारेला, बटणाच्या आतील भागाला किंवा मीटरला हात लावू नये, अशी सक्त सूचना शिक्षकाने आधी द्यावी.

२. शाळेच्या मीटरवरील आकडा रोज ठराविक वेळी शिक्षकांच्या देखरेखीखाली वाचून पंधरा दिवसांचा तक्ता करावा. सुटीच्या दिवशीही वीज खर्च झाली असल्यास त्याचे कारण शोधावे. शाळेच्या छपरावर सौर पॅनेल असल्यास, ढगाळ व निरभ्र दिवसांतील फरक तक्त्यात नोंदवावा.

३. पुढील उदाहरण सोडवून घ्यावे. समजा, एका बेटावर ४० घरे आहेत आणि प्रत्येकास ५ किलोवॅटची मर्यादा आहे. सर्वांनी एकाच वेळी पूर्ण मर्यादेइतकी वीज घेतली, तर किती किलोवॅट लागतील? एगवरील पाणी, वारा व सूर्य ह्यांची सर्व यंत्रे पूर्ण शक्तीने चालली, तर किती किलोवॅट मिळतील? (उत्तरे : २०० आणि सुमारे १८६.) ह्यावरून विद्यार्थ्यांना काय दिसते, ते विचारावे. मर्यादा म्हणजे सतत तितके घेण्याचा हक्क नव्हे. ती केवळ शेवटची रेषा होय. सर्वजण नेहमी त्या रेषेच्या बरेच आत राहतात, म्हणूनच वीज पुरते.

४. वर्गाची सभा भरवावी. बेटावर पाऊस पडलेला नाही, तांबडा संकेत लागला आहे, अशी कल्पना करावी. एका विद्यार्थ्याने खाणावळवाल्याची, दुसऱ्याने एकट्या राहणाऱ्या वृद्धेची, तिसऱ्याने शिक्षिकेची, चौथ्याने देखभाल करणाऱ्याची भूमिका घ्यावी. वीज कोणी व किती कमी करावी, ह्याचा ठराव सभेने करावा आणि तो वहीत लिहून त्यावर सर्वांनी सह्या कराव्यात. शिक्षकाने आपले मत शेवटपर्यंत सांगू नये.

उजळणीचे प्रश्न

१. बेटाची मालकी रहिवाशांकडे आली नसती, तर वीजयोजनेत कोणत्या अडचणी आल्या असत्या?
२. एगच्या योजनेत विजेची एकाहून अधिक साधने का ठेवली आहेत?
३. किलोवॅट व युनिट ह्यांतील भेद उदाहरण देऊन सांगा.
४. अधिक पैसे देणाऱ्या घरास ५ किलोवॅटपेक्षा अधिक वीज द्यावी काय? आपले मत कारणांसह लिहा.
५. आपल्या गावात सर्वांच्या सामायिक मालकीची कोणती वस्तू आहे? तिची देखभाल कोण करतो, आणि तिचा नियम मोडल्यास काय होते?

शेवटच्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने काळजीपूर्वक वाचावीत. विहीर, हातपंप, तलाव, समाजमंदिर, वाचनालय, शाळेची इमारत, अशी अनेक नावे त्यांत येतील. त्यांपैकी कोणत्या वस्तूला नियम आहे व कोणतीला नाही, आणि सुस्थितीत कोणती राहिली आहे, हे विद्यार्थ्यांनीच फळ्यावर दोन रकान्यांत मांडावे. त्या दोन रकान्यांवर वर्गात जी चर्चा होईल, तिच्याने ह्या पाठाची समाप्ती करावी.